नळ आला, आता मोरीच्या पाण्याचं काय? घरचं सांडपाणी घरीच जिरवण्याची आणि वापरण्याची रीत

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं तेव्हा ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं घरात पोचवायचं असं ठरलं. पाच माणसांच्या घराचे झाले २७५ लिटर. पिण्यात आणि स्वयंपाकात त्यातलं थोडंच संपतं, संडासाला ४०-५० लिटर जातं. उरलेलं सुमारे २०० लिटर पाणी अंघोळ, धुणं आणि भांडी करून मोरीतून बाहेर पडतं. दोनशे घरांच्या गावात हे दिवसाला ४०,००० लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. पाणी घरात आणायची योजना झाली, पण घराबाहेर पडणाऱ्या पाण्याचा विचार बऱ्याच गावांत मागे राहिला. म्हणून एकाच गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी माणसं दिसतात आणि गल्लीत बारा महिने वाहणारं काळं गटारही दिसतं.

हे पाणी वापरता येतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पाणी कुठे वेगळं करायचं, किती वेळात वापरायचं आणि आपली जमीन ते किती पिऊ शकते, या तीन गोष्टी मात्र नीट कळायला हव्यात. बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते यातली एखादी दुर्लक्षित राहिल्यामुळे.

सांडपाणी कोणतं आणि मैलापाणी कोणतं

संडासातून येतं ते मैलापाणी. ते सेप्टिक टँकला, दोन खड्ड्यांच्या शौचालयाला किंवा ड्रेनेजलाच गेलं पाहिजे. न्हाणी, बेसिन, धुण्याचा दगड किंवा वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघराची मोरी इथून येणारं पाणी म्हणजे सांडपाणी. इंग्रजीत ज्याला ग्रे वॉटर म्हणतात ते हेच. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी न्हाणीतून आलं तरी मैलापाण्यातच धरायचं.

सांडपाण्यातही सगळं सारखं नसतं. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी सर्वांत चांगलं, ते थेट कुंडीत ओतावं. अंघोळीचं आणि कपडे खळबळल्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. कपड्यांच्या पहिल्या धुण्याच्या पाण्यात सोडा आणि क्षार जास्त असतात. भांड्यांचं पाणी दिसायला साधं, पण हाताळायला सर्वांत अवघड. त्यात तेल, तूप, शितं आणि डाळीचा गाळ असतो, आणि भांडी राखेनं किंवा मातीनं घासली जात असतील तर रेतीही असते. त्यामुळे स्वयंपाकघराचा पाइप न्हाणीच्या पाइपला जोडण्याआधी त्याचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो.

नवं घर बांधत असाल तर या कामातला सर्वांत स्वस्त टप्पा तुमच्या हातात आहे: संडासाचा पाइप वेगळा, न्हाणी-धुण्याचा वेगळा आणि मोरीचा वेगळा काढून घ्या. तेव्हा जास्तीचे काही फूट पीव्हीसी पाइप लागतात. तेच काम नंतर करायचं तर फरशी फोडावी लागते.

पाणी साठवून का ठेवू नये

रात्रीचं वरण उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर सकाळी आंबलेलं असतं. सांडपाण्याचं अगदी तेच होतं. साबणाचा अंश, अंगाचा मळ, तेल, शितं हे सगळं जिवाणूंचं खाद्य आहे. सुरुवातीला पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू ते खातात आणि काही तासांत ऑक्सिजन संपवतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. पाणी काळं पडतं ते याच टप्प्यावर.

म्हणून नियम सोपा आहे: सांडपाणी २४ तासांच्या आत जमिनीत, झाडाला किंवा संडासात गेलंच पाहिजे. घरच्या घरी ते मोठ्या टाकीत भरून आठवड्यानं वापरू असं म्हणणाऱ्यांची टाकी वास मारतेच. दुसरा धोका डासांचा. घाण साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो. हत्तीरोग पसरवणारा डास हाच, आणि विदर्भात हा रोग आजही आढळतो. डेंग्यूचा डास उलट, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे खळबळल्याचं पाणी पिंपात भरलं तर त्यावर घट्ट झाकण हवं आणि पिंप रोज रिकामं व्हायला हवं.

शोषखड्डा का तुंबतो

शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारा दगड भरलेला खड्डा, महाराष्ट्राला नवा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि त्या कामाला पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हटलं जाऊ लागलं. रोजगार हमी योजनेतून असे खड्डे अनेक गावांत झाले. या रचनेत खड्ड्याच्या मध्यभागी भोकं असलेली सिमेंटची छोटी टाकी बसवून भोवती दगड भरतात. टाकीत गाळ बसतो, पाणी भोकांतून दगडांत जातं, आणि झाकण उघडून गाळ काढता येतो.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण ज्या खड्ड्यातला गाळ काढण्याची सोय नसते तो बंद पडतो. मोरीचा पाइप थेट दगडांत सोडला की रेती, केस, कपड्यांचे धागे आणि तेल दगडांच्या फटींत बसतं. पाणी जिथे मातीला भेटतं त्या भिंतीवर जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर चढतो. तो पातळ असतो तोवर पाणी गाळायला मदतच करतो. जाड झाला की भिंत पाणी प्यायची थांबते. वरून पाणी येत राहतं, खड्डा भरतो आणि लोक म्हणतात, ‘शोषखड्डे चालत नाहीत.’

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत.

पहिला, खड्ड्याच्या आधी गाळ अडवा. न्हाणी ट्रॅपवर बारीक जाळी बसवा. पुढे दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल असं विटांचं चेंबर बांधा. त्यात पाणी एका बाजूनं येऊन समोरच्या बाजूनं जाईल, पण जाणाऱ्या पाइपला आतून टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) उभी लावा आणि तिचं खालचं तोंड पाण्याच्या पातळीखाली सहा इंच बुडू द्या. त्यामुळे वर तरंगणारा फेस, केस आणि तेल आतच राहतं, रेती तळाशी बसते आणि मधलं पाणी पुढे जातं. भांड्यांच्या मोरीला अशीच रचना आणखी लहान करून लावा: झाकणाची २०-२५ लिटरची प्लॅस्टिकची बादलीही चालते. गरम तेलकट पाणी त्यात थंड झालं की तेल वर येऊन गोठतं. ते आठवड्यातून एकदा काढून मातीत गाडायचं, गटारात टाकायचं नाही. मोठं चेंबर दर पंधरा दिवसांनी साफ करायचं. पाइपला दहा फुटांमागे अडीच इंच उतार ठेवा. उतार याहून फार कमी असेल तर गाळ पाइपातच बसतो.

दुसरा उपाय, एकाऐवजी दोन खड्डे करा आणि पाणी पालटून सोडा. सहा महिने एक खड्डा चालवायचा आणि दुसरा कोरडा ठेवायचा. कोरडेपणात हवा आत शिरते, तो काळा थर वाळून कुजून नाहीसा होतो आणि भिंत पुन्हा पाणी पिऊ लागते. चेंबरमध्ये दोन पाइपांची तोंडं ठेवून एकाला एंड कॅप लावली की झालं, व्हॉल्व्हचाही खर्च नाही.

खणण्याआधी जमिनीला विचारा

सगळ्यांना तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा एकच आकडा सांगितला जातो. मुरमाड जमिनीत तो पुरतो, काळ्या जमिनीत पुरत नाही. त्यामुळे खणण्याआधी ही चाचणी करा.

जिथे खड्डा घ्यायचा तिथे ठरलेल्या खोलीपर्यंत एक फूट रुंद भोक घ्या. भिंती खरवडा, तळाला दोन इंच खडी टाका. रात्रभर त्यात पाणी भरत राहा, म्हणजे माती पुरती भिजेल. कोरड्या मातीत चाचणी केली तर ती नेहमीच चांगली दिसते आणि फसवते. सकाळी खडीच्या वर सहा इंच पाणी भरा आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा.

दहा मिनिटांच्या आत इंच उतरला तर दोनशे लिटरला एक मीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा पुरेल. सेप्टिक टँकच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस २४७० मध्ये जे सूत्र आहे, त्यानं अशा जमिनीचा एक चौरस मीटर दिवसाला ६५ लिटरच्या आसपास पाणी घेतो आणि अशा खड्ड्याच्या भिंतींचा सुमारे तीन चौरस मीटर भाग खऱ्या अर्थानं कामी येतो. दहा ते तीस मिनिटं लागली तर जवळपास दुप्पट भिंत हवी, म्हणजे दोन्ही खड्डे एकदम चालवावे लागतील आणि पालटायला तिसरा लागेल. तीस ते साठ मिनिटं लागली तर खोल खड्ड्याऐवजी एक फूट रुंद, दीड फूट खोल असा लांब चर घ्या, कारण वरची माती खालच्यापेक्षा जास्त मोकळी असते. तासाहून जास्त वेळ लागला तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत बहुधा हेच उत्तर येतं: ती माती भिजली की फुगते आणि तिच्या फटी मिटतात.

खणताना आणखी काही गोष्टी पाळा. माती ओली असताना खणू नका. फावड्यानं भिंती गुळगुळीत होतात आणि तिथेच पाणी अडतं. तशी चकाकी दिसली तर कुदळीच्या टोकानं खरवडून काढा. तळाशी चार ते सहा इंची दगड किंवा भट्टीत जास्त भाजलेल्या विटांचे तुकडे, मध्ये दोन-तीन इंची, वर बारीक खडी असे थर द्या, आणि सगळं धुऊन टाका, नाहीतर खडीची धूळच खड्डा बुजवते. तळाला किंवा भिंतींना सिमेंट लावू नका. वर पोतं किंवा प्लॅस्टिक टाकून मातीचा सहा इंच उंचवटा करा. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून तीस फुटांवर राहा, आणि पावसाळ्यात भूजल जिथपर्यंत वर येतं त्याच्या किमान पाच फूट वर खड्ड्याचा तळ असू द्या.

काळ्या जमिनीत काय करायचं

पाणी खाली जात नसेल तर ते झाडांकरवी वर पाठवायचं. याची दोन रूपं आहेत.

एक, केळीची आळी. वाढलेल्या केळीला उन्हाळ्यात दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. दोनशे लिटरला आठ-दहा खुंट झाले. पाच फूट अंतरानं आळी करा, मध्ये पालापाचोळा किंवा उसाचं पाचट सहा इंच भरा आणि पाण्याचा पाइप त्या पाचटाखाली सोडा. उघड्यावर पाणी दिसता कामा नये. पाचट कुजत जातं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नवं भरा. अळूही याच ओलीत छान येतो, पण या पाण्यावरच्या अळूची पानं खायला घेऊ नका, ती शोभेलाच ठेवा. अनेक ठिकाणी पपई लावायचा सल्ला देतात. पपईच्या मुळाशी पाणी साचलं तर ती कुजते, म्हणून लावायचीच असेल तर उंचवट्यावर लावा.

दोन, कर्दळीचा खडीचा वाफा. पाणी कशासाठी तरी परत वापरायचं असेल तर हा मार्ग उत्तम. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल असा वाफा बांधा, आतून जाड प्लॅस्टिक अंथरा किंवा गिलावा करा. दोन्ही टोकांना एक-एक फूट लांबीच्या भागात मोठे दगड आणि मध्ये अर्धा ते पाऊण इंची खडी भरा. बाहेर जाणाऱ्या पाइपला एल्बो (काटकोनी जोड) लावून तिचं तोंड असं ठेवा की पाण्याची पातळी खडीच्या चार इंच खाली राहील. खडीच्या फटींत साधारण ४० टक्के जागा असते, म्हणजे या वाफ्यात सहाशे लिटर पाणी मावतं आणि रोजचं दोनशे लिटर पाणी तीन दिवस मुळांतून सरकत राहतं. तेवढ्यात घाण खाणारे जिवाणू काम करतात. पाणी खडीखाली वाहत असल्यानं डास होत नाहीत. कर्दळ, पाणकणीस किंवा वाळा एक-एक फुटावर लावा. रोपं धरेपर्यंत महिनाभर पातळी जरा वर ठेवा. वाफ्यातून आलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण ते पिण्याचं किंवा अंघोळीचं नाही.

‘साबणानं झाडं मरतील ना?’

अंगाच्या साबणानं सहसा नाही. प्रश्न कपड्यांच्या पावडरीचा आणि वडीचा आहे. त्यात धुण्याचा सोडा आणि सोडियमचे इतर क्षार असतात. काळ्या मातीत सोडियम साठलं की मातीचे कण सुटे होऊन फटी बंद होतात. वर पांढरट कडक पापुद्रा येतो, पाणी साचतं, पानांच्या कडा करपतात. हे दिसेपर्यंत एखाद-दोन वर्षं जातात, म्हणून सुरुवातीला लोकांना सगळं ठीक वाटतं.

काय करावं? पहिल्या धुण्याचं पाणी संडासात किंवा फरशीला वापरा, खळबळल्याचं झाडांना द्या. पावडरीऐवजी द्रव डिटर्जंट वापरलं तर क्षार बरेच कमी होतात. ब्लीच, फिनेल आणि संडासाचं ॲसिड बागेच्या पाण्यात कधीच नको, कारण ती माती आणि वाफ्यातले कामाचे जिवाणूच मारतात. पापुद्रा आलाच तर दर चौरस मीटरला साधारण पाव किलो जिप्सम मिसळून भरपूर गोडं पाणी द्यावं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सोडियम धुऊन जातं. केळी, नारळ, कर्दळ हे पाणी सोसतात. अनंत आणि एक्झोरासारखी आम्ल माती आवडणारी झाडं सोसत नाहीत, आणि कोवळ्या रोपांना तर ते देऊच नये.

‘आणि जंतू?’

असतात. अंग धुतलेल्या पाण्यात आतड्यातले जंतूही येतात. म्हणून हे पाणी फवाऱ्यानं उडवायचं नाही, पाचटाखालून किंवा जमिनीखालून द्यायचं. मुळा, गाजर, कोथिंबीर, पालक यांना ते अजिबात नको. उंचावर फळ धरणाऱ्या झाडांना चालतं, पण खाली पडलेलं फळ धुऊनच खावं. घरात कुणाला जुलाब लागले असतील तर तेवढे दिवस पाणी बागेकडे न सोडता ड्रेनेजला सोडा. त्यासाठी पाइपवर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बसवून घ्यावा.

फ्लॅटमध्ये काय जमतं

न्हाणी आणि संडासाचे पाइप एकत्र आलेल्या जुन्या इमारतीत पाइप बदलायच्या फंदात एकट्या घरानं पडू नये. बादलीनं बरंच होतं. टॉप लोड मशीन एका धुण्याला शंभर लिटर किंवा त्याहून जास्त पाणी घेतं. त्याची नळी झाकणाच्या पिंपात सोडा, पिंपाला तळाशी तोटी आणि वरच्या बाजूला न्हाणी ट्रॅपकडे जाणारा ओव्हरफ्लो ठेवा. नळीवर बारीक फिल्टर घट्ट बांधू नका आणि पाणी मशीनपेक्षा फार उंच चढवू नका, कारण मशीनचा छोटा पंप त्या जोरावर जळतो. जाळी लावायची तर पिंपाच्या तोंडावर सैल लावा.

हे पाणी संडासाच्या भांड्यात थेट ओता, एका वेळी पाच-सहा लिटर पुरतं. फ्लशच्या टाकीत भरू नका, कारण साबणाचा चिकटा आणि धागे तिथला वॉशर आणि बॉलकॉक बिघडवतात. गॅलरीतल्या कुंड्यांना फक्त शेवटच्या खळबळीचं पाणी द्या आणि ते एक दिवसाआड द्या. कुंडीतून क्षार कुठे जाऊ शकत नाहीत, ते कडेला पांढरे दिसू लागतात. आणि काहीही झालं तरी सांडपाण्याचा पाइप पिण्याच्या पाइपाला व्हॉल्व्ह लावूनसुद्धा जोडू नका. व्हॉल्व्ह कधीतरी गळतो.

आरओ यंत्राचं टाकाऊ पाणीही इथेच येतं. साध्या यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर बाहेर जातं. त्यात साबण नसतो, पण क्षार वाढलेले असतात: नळाचा टीडीएस (एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ४०० असेल तर बाहेर जाणाऱ्या पाण्याचा ५२० च्या आसपास होतो, बोअरचा १२०० असेल तर दीड हजाराच्या वर जातो. पहिलं पाणी झाडांना चालेल, दुसरं फक्त फरशीला आणि संडासाला.

त्याआधी गळती पाहा. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद कालवा आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर आतला वॉशर गळतोय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्महिने चालते.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर जमीन आधीच भिजलेली असते आणि झाडांनाही पाणी नको असतं. गावात बंद गटाराची किंवा ड्रेनेजची सोय असेल तर व्हॉल्व्ह तिकडे फिरवा. नसेल तर दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवा. छपराचं पाणी मात्र कधीच सांडपाण्याच्या खड्ड्यात सोडू नका. एका जोरदार सरीत हजारो लिटर येतं, खड्डा उसळतो आणि चेंबरमधला गाळ दगडांत ढकलला जातो. पाऊस उघडला की आधी चेंबर रिकामं करा, मग एका खड्ड्यात पाणी सोडून दोन दिवस पातळी पाहा. ती उतरत नसेल तर त्या खड्ड्याला विसावा द्या आणि दुसरा सुरू करा.